सांभाळायला कोणी नसलेल्या संगणकांच्या भाषा

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी संगणक पोचला तो बहुतेक ठिकाणी डीटीपीच्या दुकानातून. लग्नपत्रिका, तहसीलचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, ग्रामसभेच्या नोटिसा, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशा सगळ्या मजकुराचा पहिला संगणकीय अवतार या दुकानांत तयार झाला, आणि ज्या फाँटमध्ये तो तेव्हा टंकला गेला त्याच फाँटमध्ये तो आजही पडून आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका गावी राहतो. पोटापाण्यासाठी बाहेरगावच्या एका कंपनीचे सॉफ्टवेअर सांभाळतो आणि उरलेल्या वेळात अशा पडून राहिलेल्या मजकुराची व आकड्यांची कामे गावासाठी करतो. पहिल्या कामात मला नव्या भाषा लागतात. दुसऱ्या कामात मात्र पर्ल, ऑक, सेड (मजकूर चाळण्या-बदलण्याच्या भाषा) आणि शेल (संगणकाला आज्ञा देण्याची भाषा) या भाषा लागतात, ज्या माझ्या बरोबरीच्या अनेक प्रोग्रामरांनी केव्हाच मोडीत काढल्या आहेत. सवयीने मी त्यांना धरून बसलो आहे, असा शेरा अधूनमधून ऐकू येतो. तो खरा असता तर मला मान्य करायला हरकत नव्हती, पण कामाचे स्वरूप पाहिले की कारण दुसरीकडे आहे असे वाटते.

वयाचा मुद्दा आधी बाजूला ठेवतो, कारण तो दिसतो तेवढा पक्का नाही. ऑक १९७७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहान यांनी तयार केली. लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या पायथनला सगळे आजची भाषा म्हणतात ती १९९१ सालची, म्हणजे पर्लहून फार तर सव्वातीन वर्षांनी धाकटी, आणि जावास्क्रिप्टचे जन्मवर्ष १९९५. एवढ्याशा फरकावर एकीला म्हातारी आणि दुसरीला तरुण ठरवता येत नाही. खरा फरक आहे तो भाषेने आपल्या जुन्या प्रोग्रामांना दिलेल्या वचनाचा. पर्लची पाचवी आवृत्ती १९९४ मध्ये आली आणि तेव्हा लिहिलेल्या साध्या स्क्रिप्ट, म्हणजे लहान प्रोग्राम, आजच्या पर्लवर बहुतेक जशाच्या तशा चालतात. नवी वैशिष्ट्ये हवी असतील तर स्क्रिप्टच्या आरंभी तसे स्पष्ट सांगावे लागते. न सांगणाऱ्याच्या वाट्याला ती जात नाहीत. पायथनने २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत जुन्याशी काडीमोड घेतला आणि दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबवला. त्या निर्णयामुळे भाषा सुधारली हे मला मान्य आहे. ज्या कार्यालयात प्रोग्राम सांभाळायला माणसे बसलेली असतात तिथे असा बदल पेलतो. आमच्याकडे तशी माणसे नसतात.

पर्लच्या बाबतीत यात दैवाचाही भाग आहे. २००० मध्ये पर्लच्या सहाव्या आवृत्तीची घोषणा झाली, ती प्रत्यक्षात यायला २०१५ उजाडले, आणि अखेर २०१९ मध्ये तिला राकू असे नाव देऊन वेगळी भाषा मानण्यात आले. त्या लांबलेल्या प्रतीक्षेत नवे प्रोग्रामर दुसरीकडे वळले आणि पर्लची लोकप्रियता ओसरली ती ओसरलीच. मात्र ज्या उलथापालथीची भीती होती ती पाचव्या आवृत्तीच्या वाट्याला कधी आली नाही. भाषेचे नुकसान झाले आणि तिच्यात लिहिलेल्या जुन्या कामाचा फायदा झाला, असा हा विचित्र हिशेब आहे. तेही शंभर टक्के खरे नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०१३ च्या ५.१८ आवृत्तीत हॅशमधल्या, म्हणजे नावाने धरलेल्या कप्प्यांतल्या, नोंदींचा क्रम दर वेळी बदलू लागला आणि २०१७ च्या ५.२६ मध्ये चालू फोल्डरातली मोड्यूल (जोडून घ्यायचे तयार प्रोग्राम) आपोआप शोधणे बंद झाले. या दोन्ही ठिकाणी काही जुन्या स्क्रिप्ट अडकल्या. पण अशा अडचणी बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि दुरुस्ती एकेका ओळीची आहे.

सांभाळायला माणूस नसणे म्हणजे काय, हे कापसाच्या हंगामात दिसते. आमच्या भागातल्या जिनिंगचा वजनकाटा दिवाळीच्या सुमारास जागा होतो आणि उन्हाळ्यात झाकला जातो. मधले कित्येक महिने त्याच्या संगणकावर प्लॅस्टिक टाकलेले असते. काट्याचा इंडिकेटर वजनाचा आकडा सिरियल तारेवरून साध्या अक्षरांच्या रूपात सतत पाठवत राहतो. स्क्रिप्टने करायचे एवढेच की आकडा स्थिर झाला की तो उचलायचा, भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करायचे आणि काटापावती छापायची. माझ्या ओळखीच्या एका काट्यावर हे काम पर्लची एक लहानशी स्क्रिप्ट करते. लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला. मध्यंतरी तिथे इंटरनेटवरून चालणारी नवी प्रणाली बसवण्यात आली. हंगामाच्या पहिल्याच सकाळी तिने आधी अद्ययावत होण्याचा हट्ट धरला, नेट मात्र आदल्या रात्रीच्या वाऱ्याने गेलेले होते, आणि बाहेर कास्तकारांच्या बंड्या नि मेटॅडोर यांची रांग रस्त्यापर्यंत लागली. जुनी स्क्रिप्ट कोणीतरी पुन्हा सुरू केली आणि तिने मागच्या हंगामात थांबली होती तिथून काम चालू केले.

नव्या प्रणालीत दोष होता असे मला म्हणायचे नाही. शहरातल्या, रोज चालू असलेल्या, नेटला जोडलेल्या यंत्राची कल्पना करून ती लिहिली होती. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरची घडण अशीच असते. ते इतरांनी लिहिलेल्या शेकडो लहान लहान पॅकेजांवर उभे असते आणि ती पॅकेजे कुठूनतरी वेळेवर मिळतील हे गृहीत धरते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने मागे घेतले आणि जगभर असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली, ती याच गृहीतकामुळे. ऑक आणि सेड या पॉसिक्स या युनिक्स घराण्याच्या संगणकांसाठीच्या मानकाचा भाग आहेत. लिनक्स या मोफत कार्यप्रणालीच्या कोणत्याही सर्वसाधारण संगणकावर त्या आधीच असतात, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. जिथे वीज आणि नेट या दोन्हींचा भरवसा धरता येत नाही तिथे या गोष्टीचे मोल फार आहे.

आता डीटीपीच्या दुकानांकडे वळतो, कारण पर्लची खरी कसोटी तिथे लागते. गावच्या वाचनालयाच्या एका जुन्या स्मरणिकेची आणि पुस्तकांच्या यादीची फाइल ज्या दुकानातून मिळाली, त्याच्या मालकाने ती देताना नेमकी अडचण सांगितली होती: "मोबाईलवर उघडूनच नाही राह्यलं ना भाऊ, नुसतं एबीसीडी दिसते." त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी साठवलेली असतात ती रोमन अक्षरेच. त्यांची चित्रे तेवढी देवनागरी असतात. लहान लिपीतला डी म्हणजे क, एफ म्हणजे पहिली वेलांटी, मोठ्या लिपीतला झेड म्हणजे रफार. फाँट काढून घेतला की देवनागरीही गेली. हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत, आणायचा म्हणजे एका अक्षराजागी दुसरे ठेवायचे, इतके ते सोपे असते तर कोणत्याही भाषेत दुपारभरात झाले असते. पण जुना फाँट अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतो आणि युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने साठवते.

विदर्भ हाच शब्द घ्यावा. जुन्या फाँटमध्ये त्याचा क्रम असतो: वेलांटी, व, द, भ, रफार. युनिकोडमध्ये तो असतो: व, वेलांटी, द, र, पाय मोडल्याची खूण, भ. म्हणजे वेलांटीला उजवीकडे आणि रफाराला डावीकडे न्यावे लागते. वर्धा या शब्दात रफाराला काना ओलांडून मागे जावे लागते. स्थिती या शब्दात वेलांटीला अर्धा स आणि पुरा थ असे दोन्ही ओलांडून पुढे जावे लागते. शिवाय कृतीदेवमध्ये ख, घ, थ, ध, भ ही अक्षरे एका कळीने उमटत नाहीत; आधी अक्षराचा डावा भाग आणि मग केच्या कळीवरचा उभा दंड असे दोन तुकडे जोडून ती तयार होतात, आणि काना म्हणूनही तोच दंड वापरला जातो. त्यामुळे वर्धा टंकताना के ही खूण लागोपाठ दोनदा येते: पहिली ध पुरा करते, दुसरी त्याचा काना होते. दंडाचे रूपांतर आधी केले आणि जोड्यांचे नंतर, तर सगळा मजकूर विस्कटतो. आधी जोड्या, मग सुटी अक्षरे, मग वेलांटीचे स्थलांतर आणि शेवटी रफाराचे, असा क्रम पाळावा लागतो.

ही क्रमबद्ध अदलाबदल हे पर्लच्या रेग्युलर एक्स्प्रेशनचे, म्हणजे मजकुरातला नमुना सांगून तो शोधण्या-बदलण्याच्या रीतीचे, घरचे काम आहे. वेलांटी, तिच्यापुढे शून्य किंवा अधिक अर्धी व्यंजने, त्यापुढे एक पूर्ण व्यंजन; हे सापडले की व्यंजने आधी ठेव आणि वेलांटी नंतर. हे सगळे वाक्य पर्लमध्ये एका ओळीत मावते आणि ती ओळ वाचता येते, निदान ज्याला ती लिपी ठाऊक आहे त्याला. आज पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी अशा सगळ्या भाषांत ज्या पद्धतीची रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिली जातात तिचा मोठा भाग पर्लमधून आला आहे. पीएचपी तर त्यासाठी तयार प्रोग्रामांच्या ज्या लायब्ररीवर विसंबते तिच्या नावातच पर्लशी सुसंगत असल्याचे सांगितलेले आहे. पर्ल मेली असे म्हणणारा प्रोग्रामर दिवसातून कितीदा तरी तिचीच वाक्यरचना लिहीत असतो, ही मला गंमत वाटते. अर्थात हेच काम पायथनमध्येही होते. फरक इतकाच की पर्लमध्ये शोधणे आणि बदलणे हे भाषेच्या व्याकरणातच आहे, त्यासाठी लायब्ररी बोलवावी लागत नाही, आणि अशा दोनशे ओळी एकाखाली एक लिहिताना तो फरक जाणवतो.

युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. आमच्याकडे ज्या शब्दावाचून एकही अहवाल पुरा होत नाही तो म्हणजे शेतकऱ्यांचे, आणि त्यातला ऱ्य दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात त्यासाठी खास असलेला, खाली टिंब असलेला ऱ वापरलेला असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, पाय मोडल्याची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. पतसंस्थेच्या फायलींत शेतकऱ्यांना हा शब्द शोधला आणि निम्मे कागद सापडलेच नाहीत, तर बहुधा कारण हे असते. ही दोन्ही रूपे एक करणारी सेडची ओळ मी प्रत्येक कामाच्या आरंभी चालवतो.

मजकुराहून आकडे सोपे असावेत अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात महसूल मंडळनिहाय पर्जन्यमानाचे तक्ते व्हॉट्सॲपवरून फिरू लागतात. एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की तिथे अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याची चर्चा सुरू होते; म्हणून "आपलं मंडळ बसलं का भाऊ?" हा प्रश्न त्या दिवसांत पारावरही ऐकू येतो. तक्ता एकदा स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींत आणला की ऑकसाठी हा प्रश्न क्षुल्लक आहे. चौथा रकाना ६५ हून मोठा असेल ती ओळ दाखव, एवढेच सांगायचे असते, आणि ते ऑकमध्ये मराठीपेक्षाही थोडक्यात सांगता येते. तिचा सगळा प्रोग्राम म्हणजे एक अट आणि एक कृती. फाइल उघडणे, ओळी वाचणे, रकाने पाडणे हे न सांगता होते. तालुकावार बेरीज हवी असेल तर तालुक्याच्या नावाने कप्पा धरून त्यात आकडा मिळवत जायचे. एक्सेलमध्ये हे करता येतेच, पण रोज नवी फाइल येते आणि रोज तेच करायचे असते तेव्हा माउस फिरवण्यापेक्षा साठवलेली ओळ पुन्हा चालवणे बरे.

मात्र याच सोपेपणात एक खड्डा आहे आणि तो देवनागरी अंकांचा आहे. काही तक्त्यांत आकडे इंग्रजी अंकांत असतात, काहींत देवनागरीत, काहींत दोन्हींची सरमिसळ. देवनागरीतले १२ समोर आले की ऑकला ती संख्या आहे हे कळत नाही. ऑक त्याला शब्द समजते आणि ६५ शी शब्दासारखी तुलना करते. देवनागरी चिन्हांचे संकेतांक इंग्रजी अंकांहून कितीतरी पुढचे असल्यामुळे ही तुलना नेहमीच मोठी ठरते आणि १२ मिलिमीटरवाले मंडळही अतिवृष्टीत जाऊन बसते. पर्लची चूक नेमकी उलट दिशेची आहे. ती संख्यांची तुलना करते आणि देवनागरी १२ ची किंमत शून्य धरते, त्यामुळे १२० मिलिमीटर झालेले मंडळही यादीतून गळते. इशारे चालू ठेवले असतील तर निदान ती तक्रार तरी करते. पायथनची तिसरी आवृत्ती देवनागरी अंक सरळ संख्या म्हणून स्वीकारते, आणि या एका बाबतीत ती दोघींहून शहाणी आहे हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. मी तक्ता आल्याबरोबर सेडच्या वर्ण बदलण्याच्या आज्ञेने दहाही अंक इंग्रजी करून घेतो आणि मगच मोजणी करतो.

नावांची सरमिसळ याहून चिवट. आमच्या जिल्ह्यात केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. एका तक्त्यात एक नाव असते, दुसऱ्यात दुसरे, आणि बेरजेत जिल्ह्याचे १६ तालुके १७ होतात. झरी जामणी कधी दोन शब्द असते, कधी एक, कधी मध्ये आडवी रेघ. बाभुळगावचा उकार कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ. असा गोंधळ निस्तरणारी फाइल हळूहळूच वाढते, आणि ती साध्या मजकुरात, कोणत्याही संपादकात उघडेल अशी असावी असा माझा आग्रह आहे, कारण पुढे ती तलाठी कार्यालयात बसणाऱ्या एखाद्या मुलालाही बदलता आली पाहिजे.

जुन्या भाषा जागच्या जागी थिजलेल्या असतात, हा समजही तपासून पाहावा असा आहे. कर्निहान यांनी वयाची ऐंशी गाठल्यावर ऑकमध्ये युनिकोडचा आधार स्वतः घातला. ऑकवरच्या १९८८ च्या मूळ पुस्तकाची दुसरी आवृत्ती तिघांनी मिळून २०२३ मध्ये काढली. तोवर त्यांची ती मूळ ऑक पाऊस हा शब्द १२ बाइटांचा मोजत असे, आता त्यात ४ चिन्हे आहेत असे सांगते. अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम रकाना तोडत असे, ती जुनी डोकेदुखीही त्याच सुमारास मिटली. बेल लॅब्समध्ये जन्मलेली भाषा देवनागरीसाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर अधिक उपयोगी झाली, हे मला महत्त्वाचे वाटते.

बाहेरच्या जगातला या भाषांचा वावर ठाऊक असणाऱ्यांना नवा नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बदल पाठवण्याआधी तो ज्या स्क्रिप्टने तपासतात ती पर्लमध्ये आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनात असलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस मुळात टीसीएल या भाषेची जोड म्हणून सुरू झाला आणि त्याच्या चाचण्यांचा मोठा भाग अजून टीसीएलमध्येच लिहिला जातो. चिपची रचना करणारी सॉफ्टवेअरेही त्याच भाषेतून आज्ञा घेतात, आणि तिची नववी आवृत्ती २०२४ मध्ये आली. विकिपीडिया २००१ मध्ये पर्लमधल्या एका लहान प्रणालीवर सुरू झाला, पुढच्याच वर्षी पीएचपीवर गेला आणि मराठी विकिपीडियासह आजही तिथेच आहे. पीएचपीला नावे ठेवण्याची आपल्या धंद्यात फॅशन आहे. तिचा मी चाहता नाही, पण स्वस्तातल्या कोणत्याही सर्व्हरवर फायली नेऊन ठेवल्या की संकेतस्थळ चालू होते, हा तिचा गुण तालुक्याच्या गावी फार उपयोगी पडतो.

या सगळ्यावरून मी पर्लमध्ये नवे मोठे काम सुरू करावे असे सुचवीन का, तर नाही. पाच माणसांनी मिळून, वर्षानुवर्षे वाढवत न्यायच्या प्रोग्रामासाठी पर्ल मला नको असते, कारण एकच गोष्ट लिहिण्याच्या तिच्यात अनेक रीती आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी निघते. शेलबद्दल तर मी अधिक सावध आहे. ज्यांच्या फायलींची नावे "अंतिम यादी नवीन दुरुस्त" अशी चार शब्दांची असतात त्यांच्याकडे अवतरणचिन्ह विसरलेली शेल स्क्रिप्ट भलतीच फाइल पुसू शकते. बॅश या शेलमधला शेलशॉक हा सुरक्षेचा दोष २०१४ मध्ये उघडकीला आला तेव्हा तो सुमारे पंचवीस वर्षे तिथेच होता, हेही विसरण्यासारखे नाही. जुने म्हणजे पारखलेले, असे समीकरण त्या दिवसापासून मी मांडत नाही. पैशांचे व्यवहार, लोकांची खासगी माहिती, एकाच वेळी अनेकांनी वापरायचे पान, अशा कामांना मी या भाषांपाशी जात नाही.

आणि वाचणाऱ्याचा प्रश्न उरतोच. वजनकाट्यावरची ती स्क्रिप्ट चालते आहे, पण तिच्यात काय लिहिले आहे हे आमच्या पंचक्रोशीत फार थोड्यांना कळेल. सांगाल तो प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता हाताशी आहेत. ती स्वतः संगणकावर काम करू लागली की फायली चाळायला बहुतेकदा ग्रेप (मजकूर शोधण्याची आज्ञा), सेड, ऑक हीच हत्यारे उचलतात, आणि जुनी पर्ल स्क्रिप्ट ओळीओळीने समजावूनही देतात. त्यामुळे वाचणाऱ्याची उणीव काही अंशी भरून निघते. पण कृतीदेवच्या रूपांतराच्या तक्त्यात रफार चुकीच्या अक्षरावर बसला तर ते मराठी वाचणाऱ्यालाच दिसते. म्हणून रूपांतर केलेला मजकूर उलट फिरवून पुन्हा जुन्या फाँटमध्ये न्यायचा आणि मूळ फाइलशी ताडून पाहायचा, अशी पद्धत मी ठेवली आहे. जिथे फरक निघतो तेवढ्या ओळी माणसाने वाचायच्या.

सुट्टीत गावी आलेली कॉलेजची मुले कधी विचारायला येतात की शिकावे काय. मी त्यांना पायथन शिकायला सांगतो, कारण नोकरी त्यावर मिळते आणि अभ्यासक्रमातही तीच असते. पण पहिला सराव म्हणून पावसाचा तक्ता देतो आणि तो ऑकमध्ये सोडवायला लावतो. एका ओळीत उत्तर आले की त्यांना आश्चर्य वाटते, आणि दुसऱ्या दिवशी सरमिसळ अंकांची फाइल दिली की तीच ओळ थोडक्या पावसाच्या मंडळांतही अतिवृष्टी दाखवते. मग ती मुले फाइल उघडून एकेक रकाना डोळ्यांनी तपासू लागतात. पर्ल मी आपणहून कोणाला शिकवत नाही. ज्याच्या घरचे डीटीपीचे दुकान आहे असा एक जण मात्र ती मागून शिकला, आणि सध्या तो श्रीलिपीत टंकलेल्या जुन्या फायलींसाठी रूपांतराचा तक्ता तयार करतो आहे. त्या फाँटची संकेतमांडणी कृतीदेवहून सर्वस्वी वेगळी आहे, म्हणून सुट्या अक्षरांची यादी त्याला मुळापासून करावी लागली. वेलांटी आणि रफार हलवणाऱ्या दोन ओळी तेवढ्या माझ्याच्या जशाच्या तशा उपयोगी पडल्या.